पासवर्ड बरोबर, तरी अकाउंट लॉक! रात्री पीसीचं दार कोण वाजवतंय?

सकाळी चहा घेऊन पीसीसमोर बसायचं, पासवर्ड टाकायचा आणि पहिल्याच फटक्यात पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची, की हे खातं सध्या लॉक आहे, लॉगऑन होता येणार नाही. पासवर्ड एकदाही चुकलेला नसायचा. दहा-पंधरा मिनिटं गेली की आपोआप उघडायचं, म्हणून पहिले चार दिवस मी दुर्लक्ष केलं. पाचव्या दिवशी जीएसटीच्या रिटर्नची शेवटची तारीख होती आणि खातं काही उघडेना. तेव्हा कुठं डोकं जाग्यावर आलं.

मी बेळगावात वडगावला राहतो, चार-पाच व्यापाऱ्यांची हिशेबाची कामं घरूनच करतो. ही तक्रार गेल्या पावसाळ्यापासून माझ्यापुढं दोनदा आली. एकदा माझ्याच घरात, दुसऱ्यांदा निपाणीला मामांच्या दुकानाच्या पीसीवर. लक्षण अगदी एकच होतं, रोग मात्र वेगळे निघाले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तातडीचा उपाय, कारण बरेच जण इथंच अडकलेले असतात. नेटची केबल उपटा, वायफाय असेल तर राउटर बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. मग पासवर्ड टाका, उघडेल. असं का होतं? विंडोज ११ च्या २०२२ नंतरच्या आवृत्त्या नव्याने बसवल्या की त्यात एक नियम आधीपासून चालू असतो: दहा वेळा पासवर्ड चुकला की खातं दहा मिनिटं बंद. चुकवणारा तुम्हीच पाहिजे असं काही नाही. नेटवर्कवरून कुणी दहा वेळा चुकवला तरी खातं तुमचंच बंद होतं, आणि तो थांबलाच नाही तर दहा मिनिटं संपली की परत बंद. केबल काढली की त्याचा हात तुटतो. तुमच्या पीसीवर हा नियम आहे का ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट अकाउंट्स’ हे दोन शब्द टाइप करा. जी यादी येईल तिच्यात ‘लॉकआउट थ्रेशोल्ड’ची ओळ असते.

आणि एक सांगतो. हा आकडा शून्य करा, म्हणजे लॉक होणंच बंद, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. दाराची कडी वाजते म्हणून कडीच काढून टाकण्यातला तो प्रकार आहे. लॉक होतंय म्हणजे कुलूप आपलं काम करतंय. आपल्याला वाजवणारा शोधायचाय.

तो सापडतो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे पीसीवर काय काय घडलं ते विंडोज लिहून ठेवतं त्या नोंदवह्यांत (त्यांनाच लॉग म्हणतात). स्टार्टमध्ये नाव टाइप करा आणि राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डाव्या बाजूला ‘विंडोज लॉग्ज’, त्याच्या आत ‘सिक्युरिटी’. पहिल्यांदा उघडलं की डोळे फिरतात, हजारोंनी ओळी असतात. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ आहे, तिथं ४६२५ हा आकडा टाका. ४६२५ म्हणजे फसलेला लॉगऑन. खातं लॉक झाल्याची नोंद ४७४० या आकड्याखाली असते. ४६२५ ची एकही ओळ दिसत नसेल तर फसलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवणंच बंद असू शकतं. विंडोज प्रो असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीतल्या ऑडिट पॉलिसीत जाऊन लॉगऑनच्या पुढं ‘फेल्युअर’वर टिक करा आणि एक रात्र जाऊ द्या.

एका ओळीवर डबल क्लिक केलं की लांबलचक मजकूर उघडतो. त्यातल्या चारच गोष्टी वाचायच्या.

पहिली ‘लॉगऑन टाइप’. २ म्हणजे कुणीतरी प्रत्यक्ष कीबोर्डवर बसून प्रयत्न केला, घरातलं पोरगंही असेल. ३ म्हणजे नेटवर्कवरून. १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे लांबच्या पीसीवरून हा पीसी चालवायची विंडोजची सोय. यात एक खोच आहे: हल्लीच्या विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा फसलेला प्रयत्नसुद्धा बहुतेक वेळा ३ म्हणूनच दिसतो, कारण खिडकी उघडायच्या आधीच पासवर्ड तपासला जातो. त्यामुळं १० दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरी गोष्ट ‘अकाउंट नेम’, म्हणजे कोणत्या नावानं प्रयत्न झाला. तिसरी ‘सब स्टेटस’. तिथं शून्यांची माळ असलेला एक कोड असतो, त्याची शेवटची दोन अक्षरं बघायची. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचं खातंच तुमच्या पीसीवर नाही, समोरचा अंधारात दगड मारतोय. शेवटी ६ए असेल तर नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकलाय. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चौथी गोष्ट ‘सोर्स नेटवर्क अ‍ॅड्रेस’, म्हणजे प्रयत्न कुठून आला. हा पत्ता १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल, नाहीतर १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर चोर घरातच आहे.

माझ्याकडे हेच निघालं. पत्ता १९२.१६८.१.७, नाव माझंच, कोड शेवटी ६ए. आणि ‘वर्कस्टेशन नेम’च्या पुढं मुलीच्या जुन्या लॅपटॉपचं नाव! तो लॅपटॉप माडीवर कपाटाशेजारी कायम चार्जिंगला लावलेला असतो. कधीकाळी मी माझ्या पीसीवरचं एक फोल्डर त्याला जोडून दिलं होतं, तिच्या प्रोजेक्टचे फोटो ठेवायला. मध्यंतरी मी पीसीचा पासवर्ड बदलला, लॅपटॉपला ते कोण सांगणार? तो बिचारा रात्रभर जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत होता. लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खालची माझ्या पीसीच्या नावाची जुनी नोंद काढून टाकली, फोल्डर नव्यानं जोडलं. विषय संपला. पीसी हॅक झाला म्हणून मी बायकोला बँकेचे सगळे पासवर्ड बदलायला लावले होते, ते वेगळंच. अजून ऐकून घेतोय.

पासवर्ड बदलल्यावर लॉक व्हायला लागलं असेल तर आधी घरातच शोधा. जुना लॅपटॉप असतो, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा प्रिंटर असतो, टीव्हीला जोडलेली पेटी असते.

आता निपाणी. मामांचं खतांचं दुकान आहे. दुकानातला पीसी रात्री चालूच ठेवतात, कारण मामेभाऊ पुण्याला असतो आणि तो तिथून हिशेब बघतो. मामांचा फोन आला, “अरे, रोज सकाळी ते लॉक होऊन बसतंय, गिऱ्हाईक उभं असतंय आणि बिल निघत नाही.” मी शनिवारी गेलो.

४६२५ चा फिल्टर लावला आणि चाट पडलो. मिनिटाला सात-आठ ओळी. पत्ते एकही घरातला नाही. नावं बघा: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, यूजर, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स, मधूनच स्पॅनिश वाटणारी काहीतरी नावं. बहुतेकांचा कोड शेवटी ६४, म्हणजे अंधारातले दगड. पण दुकानातल्या पीसीवरच्या खात्याचं नाव होतं ‘यूजर’. दगडांपैकी तेवढे बरोबर काचेवर लागत होते, म्हणून ते खातं लॉक व्हायचं. ही माणसं मामांच्या मागे लागलेली नाहीत. इंटरनेटवरचे सगळे पत्ते एका टोकापासून तपासत जाणारे प्रोग्रॅम असतात. कुठं ३३८९ हा पोर्ट उघडा सापडला, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, की नावं आणि पासवर्ड टाकत बसतात. त्यांना निपाणी काय आणि न्यूयॉर्क काय.

दार उघडं कुणी ठेवलं? राउटर बसवायला आलेल्या पोरानं. मामेभावानं फोनवर सांगितलं होतं, पुण्यातून दिसलं पाहिजे. पोरानं राउटरमध्ये ३३८९ थेट पीसीकडं वळवून दिला. मामांनी आपलं विचारलं होतं, यानं काही धोका नाही ना? उत्तर मिळालं, “अण्णा, एनू आगल्ला,” म्हणजे काही होत नाही. आमच्या भागात अर्धे घोटाळे या दोन शब्दांनी सुरू होतात.

तुमच्याकडे असं काही आहे का, ते राउटरच्या पानावर दिसतं. ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकलं की ते उघडतं. तिथं पोर्ट फॉरवर्डिंग बघायचं, काही राउटरमध्ये त्याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. डीएमझेड बघायचं, ते चालू असेल तर एका पीसीसाठी सगळीच दारं उघडी. यूपीएनपी बंद करायचं, कारण त्याच्या जोरावर घरातली उपकरणं स्वतःच राउटरला सांगून दार उघडून घेतात. सीसीटीव्हीचे डीव्हीआर यात पटाईत. आणि त्याच पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय लिहिलाय तो बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरुवात असेल तर कंपनीनं तुम्हाला इतर गिऱ्हाइकांबरोबर एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवलंय. अशा कनेक्शनवर बाहेरचा माणूस त्या वाटेनं सरळ तुमच्या दारात येऊ शकत नाही. तरीही लॉगमध्ये बाहेरचे पत्ते दिसत असतील तर आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, वाट तपासा. ती वेगळी असते आणि तिच्यावर अशी आड भिंत सहसा नसते.

मामांकडचा तो नियम राउटरमधून काढला. इव्हेंट व्ह्यूअर रिफ्रेश केला, एक मिनिट, दोन मिनिटं, नवीन ओळ नाही. मामा चष्मा वर करून बघत होते, म्हणाले, “एवढंच होतं होय?”

एवढंच नव्हतं. पुण्याच्या भावाची सोय परत लावायची होती. त्याचं म्हणणं, पोर्टचा आकडा बदलून दुसरा कुठला तरी ठेवू. त्यानं गोंगाट कमी होतो, धोका तेवढाच राहतो. शोधणारे सगळेच पोर्ट तपासतात. आम्ही व्हीपीएन बसवलं. वायरगार्ड किंवा टेलस्केल यांपैकी काहीही चालतं. पुण्याचा लॅपटॉप आणि दुकानातला पीसी यांच्यात खासगी बोगदा होतो, रिमोट डेस्कटॉप त्या बोगद्यातूनच चालतो, रस्त्यावरच्या माणसाला दारच दिसत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘यूजर’ नावाच्या खात्याचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकारही काढला, बिलं करायला तो लागत नाही.

पण खरा प्रश्न पुढंच होता. महिनोन्‌महिने दार उघडं होतं, तर त्यातून कुणी आत येऊन गेलं का? ४६२५ च्या हजार ओळी हे सांगत नाहीत. त्या बाहेर राहिलेल्यांची हजेरी आहेत. आत आलेल्याची ओळ ४६२४ असते, आणि ती शोधणं कटकटीचं, कारण विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागं चालणारे प्रोग्रॅमही, दिवसभर ४६२४ लिहीत असतात. त्यांचा टाइप ५ असतो. वर सिक्युरिटी लॉग मुळात वीस एमबीचा. मारा चालू असेल तर तो थोड्या दिवसांत भरतो आणि जुन्या ओळी पुसत जातो. मामांकडं सगळ्यात जुनी ओळ जेमतेम चार दिवसांपूर्वीची होती. लॉगवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार दोनशे एमबी करून ठेवा, आजच.

सुदैवानं दुसरी एक वही आहे आणि ती फारशी कुणी उघडत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्येच ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर’ आणि ‘ऑपरेशनल’. इथं फसलेल्यांची गर्दी नसते. ज्याचं सेशन खरंच उघडलं त्याचीच नोंद. २१ म्हणजे लॉगऑन झालं, २४ म्हणजे जोडणी तुटली, २५ म्हणजे परत जोडली. प्रत्येकात ‘सोर्स नेटवर्क अ‍ॅड्रेस’ असतो आणि पीसीसमोर बसून लॉगिन केलं असेल तर तिथं नुसतं ‘लोकल’ लिहिलेलं असतं. लोकल, लोकल, लोकल असं खाली खाली जायचं आणि आकडे दिसले की थांबायचं. गर्दी नसल्यामुळं ही वही मागंही बरीच जाते. मामांकडं सात महिन्यांची होती.

बाहेरचे आकडे असलेल्या ओळी निघाल्या एकूण अकरा. एका वहीच्या पानावर तारीख-वेळ उतरवून काढली आणि भावाला फोन लावला. “बावीस तारखेला रात्री पावणेबारा?” “मीच होतो दादा, गणपतीच्या आधीचा स्टॉक बघत होतो.” असं करत अकराच्या अकरा जुळल्या. मामांनी देवाला हात जोडले.

मग टास्कबारच्या कोपऱ्यात मला एनीडेस्कचं, म्हणजे लांबून पीसी चालवायच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं, लाल चिन्ह दिसलं.

हे कशाला, विचारलं. दोन वर्षांपूर्वी पीसी दुरुस्त करणाऱ्यानं बसवलं होतं, म्हणाला, काही अडलं तर येण्याजाण्याचा खर्च वाचेल. या प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या फेऱ्या विंडोजच्या त्या दोन्ही वह्यांत येत नाहीत. ते आतून बाहेर जोडणी करून बसलेलं असतं, त्यामुळं राउटरचं दार बंद केलं तरी त्याला फरक पडत नाही, आणि पासवर्ड चुकून खातं लॉक होण्याचाही प्रश्न नाही. त्याची स्वतःची वही असते. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटा नावाचं लपवलेलं फोल्डर आहे, त्यात एनीडेस्क, त्यात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीवर ‘इनकमिंग’, तारीख, आत कसा आला ते आणि समोरच्याचा आयडी. ‘यूजर’ लिहिलं असेल तर पीसीसमोर बसलेल्यानं हो म्हणून बटण दाबलं. ‘पासवर्ड’चं लघुरूप किंवा ‘टोकन’ असेल तर कुणाला न विचारता, आधी ठेवलेल्या पासवर्डनं तो आत आला. टीमव्ह्यूअर असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये ‘कनेक्शन्स इनकमिंग’ नावाची अशीच फाइल असते.

मामांच्या फाइलमध्ये त्या एकाच आयडीच्या नऊ ओळी होत्या आणि नऊपैकी सात ‘टोकन’च्या. शेवटची ओळ तीन आठवड्यांपूर्वीची. दुरुस्तीवाल्याला फोन केला. “हां हां, अपडेट बघायला येतो की मधून मधून, सर्व्हिसच आहे ती.” मामांना कधी सांगितलं होतं का? नाही. त्या पीसीवर दुकानाचं बँकेचं लॉगिन ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं होतं. पैसे गेले नाहीत, फाइली जागेवर होत्या. माणूस वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण फसलेल्या हजारो ओळींनी आमची झोप उडवली आणि ज्याची ये-जा खरोखर चालू होती त्याची तिथं एकही ओळ नव्हती. एनीडेस्क काढून टाकलं. ठेवायचंच असेल तर त्याच्या सिक्युरिटी सेटिंगमधला ‘अनअटेंडेड अ‍ॅक्सेस’ बंद ठेवा, म्हणजे समोर बसलेल्यानं होकार दिल्याशिवाय कुणी आत येणार नाही.

आता उगाच घाबरवणाऱ्या गोष्टी, भराभर. आपल्याकडे जुलैत लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. खानापूरकडं तर विचारूच नका. सिस्टीम लॉगमधले ४१ आणि ६००८ हे आकडे त्याचेच, पीसी नीट बंद न होता बंद पडला एवढाच अर्थ. मध्यरात्री कुणी रीस्टार्ट केला असं समजून लोक माझ्याकडं येतात. पीसी रात्री आपोआप जागा होत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आणि त्यापुढं स्लॅश देऊन ‘वेकटायमर्स’ टाका, बहुतेक वेळा विंडोज अपडेट निघतं. लॉगमधल्या तारखा दहा वर्षं मागच्या दिसत असतील तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय, नव्वद टक्के लोक हे व्हायरसवर ढकलतात. फायरवॉलच्या लॉगमध्ये २२४ किंवा २३९ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांकडं चाललेल्या ओळी म्हणजे घरातलेच फोन आणि टीव्ही एकमेकांना हाका मारताहेत. उघडे पोर्ट दाखवणाऱ्या ‘नेटस्टॅट’ कमांडमध्ये ९००० पोर्ट ऐकत बसलेला दिसला आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं असेल तर तो बहुधा टॅलीचाच.

खरंच भलता पत्ता २१ किंवा २५ च्या ओळीत सापडला तर? केबल काढा, पीसी लगेच फॉरमॅट करू नका. लॉगवर राइट क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स’नं फाइल पेनड्राइव्हवर घ्या. सिक्युरिटीमध्ये ४७२० शोधा, नवीन खातं उघडल्याची ती नोंद. ४७३२ म्हणजे कुणाला तरी एखाद्या गटात, बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये, घातलं. ११०२ म्हणजे लॉगच पुसला, आणि ही ओळ तुम्ही स्वतः पुसला नसताना दिसली तर बाकीचं शोधत बसायची गरज नाही. सिस्टीममध्ये ७०४५ म्हणजे नवीन सर्व्हिस बसली. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या पीसीवरून किंवा मोबाईलवरून बदला. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. तक्रारीसाठी बेळगावात पोलिसांचं सीईएन ठाणं आहे. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे तिथं एकत्र बघतात. सेव्ह केलेली लॉगची फाइल आणि तारीख-वेळेचं पान बरोबर न्या. नंतर विंडोज नव्यानं बसवा. अशा पीसीला साफ करून वापरण्यात अर्थ नाही. टॅलीच्या डेटाची कॉपी एका वेगळ्या डिस्कवर असू द्या आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. पीसीला लावून ठेवलेली डिस्क पीसीबरोबरच जाते.

विंडोज ७ वर अजून किती दुकानं चाललीत ते शहापूरच्या एका गल्लीतच मोजता येईल. त्याचं अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालं, विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. २०१९ च्या मे महिन्यात विंडोज ७ च्या रिमोट डेस्कटॉपमध्ये असं भोक सापडलं होतं की पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. तशा पीसीवर ४६२५ मोजत बसून काय करणार? त्याला नेटवरून काढा.

सोमवारी मामांचा फोन आला. लॉक झालं नव्हतं. बिल तरीही निघत नव्हतं, प्रिंटरचा कागद संपला होता.